बाप जिवंत असलेल्याची मिशी

साहेबाच्या खोलीत भिंतभर एक तक्ता होता. त्यावर देशोदेशीचे खांब उभे केलेले. कुठल्या देशातला माणूस स्वतःच्या तोंडावर किती खर्च करतो ते त्या खांबांच्या उंचीवरून कळायचं. अमेरिकेचा खांब इतका उंच, की तक्त्यात मावेना म्हणून वर आणखी एक कागद चिकटवलेला, आणि तरी त्याचं टोक तुळईला लागून वाकलं होतं. विलायतेचा त्याच्या खांद्याला. फ्रान्सचा जरा जाड, कारण त्यात बायकांची अत्तरं मिसळली आहेत, असं साहेब म्हणाला. आपला खांब बघायला मला खाली बसावं लागलं. उकिडवा बसलो, मान वाकडी केली, तरी दिसेना. मग साहेबाने पेन्सिलीचं टोक टेकवून दाखवला. मला वाटलं होतं, तिथे मुंगी मेली आहे.

स्वातंत्र्य येऊन चारेक वर्षं झाली असतील. साहेब लोक गेले असं सगळे म्हणत, पण ठाण्याला तलावाच्या पलीकडे एका कौलारू गोदामात हा एक शिल्लक राहिला होता. त्याची कंपनी दाढीची पाती विकायची, दाढीचा साबण विकायची, ब्रश विकायची, आणि दाढी झाल्यावर गालाला लावायचं एक निळं पाणी विकायची. ते पाणी लावलं की गाल आधी पेटायचे आणि मग विझायचे. विझले की घटकाभर आपले नसायचे. चिमटा काढला तरी शेजाऱ्याला काढल्यासारखा वाटायचा. कळव्यापासून आंबिवलीपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता. हातात एक पत्र्याची पेटी आणि डोक्यावर काळी टोपी, एवढ्या भांडवलावर मी आपल्या देशाचा खांब वर उचलायचा होता.

दर शनिवारी साहेब मला समोर बसवून प्रश्न विचारायचा. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. वाईट माणूस नव्हता.

"तुझी बायको तोंडाला काय लावते?"

"बेसन, साहेब."

"ते तर तुम्ही खाता."

"आधी तोंडाला लावतो. उरलेल्याचं पिठलं."

साहेबाने ते लिहून घेतलं. मग विचारलं, केसांना काय? मी म्हटलं, शिकेकाई. ती कुठल्या दुकानात? किराण्याच्या, तांदळाशेजारी. आणि अंगाला? हळद. ती कुठे? फोडणीच्या डब्यात. साहेबाने पेन्सिल खाली ठेवली. त्याच्या देशात तोंडावरचा खर्च वेगळ्या दुकानात, वेगळ्या कपाटात, कुलपात असायचा. आपल्याकडे तो स्वयंपाकघरात पसरलेला. सगळं घर हुडकलं तरी चेहऱ्याचा वेगळा काढता यायचा नाही. मी त्याला सांगितलं, आमच्या गावी न्हाव्याला पैसे देतच नाहीत, खळ्यावर भात देतात. वर्षभर घरातल्या सगळ्या हनुवट्या त्या भातात. साहेबाने तक्त्याकडे बघितलं. भाताचा खांब कसा काढायचा ते त्याला सुचेना.

हे सगळं ठीक होतं. अडचण माझ्या मिशीची होती.

मला मिशी होती. वाटेल तेवढी थोर नव्हती, पण होती. साहेबाचं म्हणणं, तोंडावर केस ठेवून पाती विकणं म्हणजे टकल्याने केशतेल विकणं. पावसाळ्याआधीच्या बोटीने तो विलायतेला परत जाणार होता आणि जाण्यापूर्वी ज्याला ठेवायचं त्याला कायम करणार होता. कायम व्हायचं तर चेहरा गुळगुळीत हवा. दुसरी अट नव्हती.

आणि मला कायम व्हायलाच हवं होतं. रेशनिंगच्या कचेरीतली माझी नोकरी नुकतीच सुटली होती. डोंबिवलीला एका चाळीत आमची एक खोली. तेव्हाच्या डोंबिवलीत माणसांपेक्षा साप जास्त, आणि सापसुद्धा भाड्याने जागा बघत फिरायचे, इतकी ती चाळ मोक्याची. त्या खोलीत मी, बायको आणि खिडकीखाली खाटेवर बाबा. आई गेल्यावर बाबांना मी कोकणातून आणलं होतं. मागे गावच्या घराचं छप्पर एका पावसात बसलं आणि भिंती दुसऱ्या पावसात त्याच्यावर बसल्या. नोकरी गेली तर खोली गेली, खोली गेली तर दम्याच्या म्हाताऱ्याला त्या ढिगाऱ्यावर नेऊन बसवायचं. यात काही पर्याय नव्हते.

पण बाबा जिवंत होते.

ज्यांना हे आता सांगावं लागतं त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बाप जिवंत असताना मिशी काढत नसत. बाप गेला की दहाव्याला मुलगा डोकं करतो आणि मिशी देतो. बिनमिशीचा माणूस रस्त्याने आला की लोक समजायचे. मुंबईत शिकलेली मुलं तेव्हाच सरसकट गुळगुळीत फिरत, पण त्यांचे बाप मुंबईतच असत, बघून सवय झालेले. आमचे बाबा बंदरावर बोटीची तिकिटं फाडून म्हातारे झालेले. त्यांची स्वतःची मिशी अशी, की धुक्यात धक्क्यावरचा दिवा दिसेनासा झाला तरी खलाशी त्या मिशीच्या रोखाने बोट लावायचे. हे मी पाहिलेलं नाही. बाबांनी सांगितलं होतं.

हे सगळं मी साहेबाला समजावून दिलं. माझ्या इंग्रजीत वडिलोपार्जित हा शब्द नव्हता, म्हणून मी म्हणालो, मिशी वडिलांच्या मालकीची आहे, मी फक्त वापरतो.

साहेबाने मान हलवली. "मग ती कधी जाऊ शकते?"

"वडील गेल्यावर."

साहेबाने पेन्सिल कानामागे खोचली. मग अगदी सभ्यपणे म्हणाला, "आणि तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे, साहेब."

"ओह," साहेब म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी तो आधी बाबांची तब्येत विचारायचा आणि मग विक्री. मी घरी येऊन ते गंमत म्हणून सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. साहेब तुमची विचारपूस करतो, एवढंच. बाबा खाटेवर सरळ बसले. उभ्या आयुष्यात कुठल्या साहेबाने त्यांना बोट किती वाजता सुटते याशिवाय काही विचारलं नव्हतं.

"काय विचारतो?"

"तब्येत कशी आहे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग तू काय सांगतोस?"

"बरी आहे म्हणून."

"दम्याचं सांगत जा," बाबा म्हणाले. "उगाच लपवू नये. एवढ्या आपुलकीने विचारतो माणूस."

पुढच्या शनिवारी त्यांनी साहेबासाठी आमसुलं दिली. गावाहून आणलेल्या गाठोड्यातली शेवटची. साहेबाने एक तोंडात टाकलं. त्याचा चेहरा चारी बाजूंनी आत ओढला गेला, डोळे नाकाजवळ आले, आणि बराच वेळ तो विलायतेचा आहे की चीनचा ते ठरेना. उलगडला तेव्हा म्हणाला, "तुझे वडील हे रोज खातात?"

"रोज."

"मग ते जाणार नाहीत," साहेब म्हणाला.

बाबांना प्रत्यक्ष जाऊन साहेबाचे आभार मानायचे होते. त्यांनी कोट काढून उन्हात टाकला. तो कोट बघून बायकोला राहवलं नाही. ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "मामंजी, तो साहेब तुमची विचारपूस ह्यांच्या मिशीसाठी करतो."

मग तिने सगळं सांगितलं. बोट, कायम होणं, गुळगुळीत चेहरा, सगळं. तिचा आवाज खडे वेचतानाचाच होता. मी दारात उभा होतो. बाबांनी ऐकून घेतलं, उठून कोट आत आणला, घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी मला म्हणाले,

"काढून टाक."

"काय?"

"तोंडावर विचारण्यासारखं आणखी काय आहे तुझ्या?"

"तुम्ही आहात अजून, बाबा."

"मी आहे ते खोलीत आहे. खोली राहिली तर मी राहीन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील मी गेलो. म्हणू देत. मी त्यांना दिसेनच की इथे बसलेला."

ते रागावले नव्हते, दुखावलेही दिसत नव्हते. बोटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. नंतर भिंतीकडे कूस करून झोपले. मला तेव्हा काय वाटलं असं पुष्कळांनी पुढे विचारलं. काही वाटल्याचं आठवत नाही. गालाला ते निळं पाणी लावल्यावर जसं असतं तसं होतं.

रविवारी विहिरीजवळच्या चिंचेखाली न्हावी बसायचा. मी त्याच्यासमोर बसलो आणि ओठावर बोट ठेवून म्हणालो, "ही."

त्याचा हात थांबला. "कधी झालं?"

"काही झालं नाही."

"म्हातारबा तर काल मला विहिरीवर दिसले. घागर भरत होते."

"तेच सांगतोय. आहेत. नोकरीसाठी काढायची आहे."

न्हाव्याने वस्तरा पुसला, मिटला आणि धोकटीत टाकला. "नोकरीसाठी सांगाल तर तुमचा कान कापून देईन," तो म्हणाला. "हे नाही करायचा. मी आज काढली आणि उद्या ते गेले, तर सगळी डोंबिवली म्हणेल, न्हाव्याने नेले. मग माझ्यासमोर डोकं कोण वाकवेल?"

मागे दोघेजण पाळीची वाट बघत उकिडवे बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी किती ऐकलं ते मला नंतर कळलं.

तेव्हा सोमवारी सकाळी मी स्वतःच बसलो. पाती कंपनीची, साबण कंपनीचा, ब्रश कंपनीचा. शेकडो दुकानदारांना मी ते पातं लोण्यातून जातं म्हणून सांगत आलो होतो. लोण्यातूनच गेलं. आरशात आधी अर्धी मिशी राहिली. अर्धा बाप जिवंत आणि अर्धा गेलेला, असा थोडा वेळ बसलो. मग तीही गेली. पाण्यात पडली तेव्हा फार थोडी होती. बायको आरसा धरून उभी होती.

"बघू," ती म्हणाली. मी तोंड वर केलं. ती बघत राहिली. "तुमच्या धाकट्या भावासारखे दिसता."

"मला भाऊ नाही."

"तेच तर."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपेत त्यांच्या छातीतून शिट्टी यायची, ती येत नव्हती. मी निळं पाणी लावलं. वरचा ओठ पेटला, विझला, आणि मी पेटी उचलून बाहेर पडलो.

त्या दिवशी आधी कल्याण करायचं, मग आंबिवली, आणि संध्याकाळी परत, असा बेत होता. स्टेशनवरच्या हमालाने मला बघितलं आणि टोपी काढली. मी म्हणालो, अरे, तसं काही नाही. तो म्हणाला, हो साहेब, आणि टोपी हातातच ठेवली. कल्याणच्या बाजारात पहिल्या दुकानात शेठने गल्ल्यावरून उठून माझा हात धरला.

"वडील आहेत माझे," मी म्हणालो.

"आहेतच," शेठ म्हणाला. "असे कुठे जातात ते? आपल्यातच असतात."

"नाही, म्हणजे खरोखर आहेत. डोंबिवलीला. खाटेवर."

"सुरुवातीला असंच वाटतं," शेठने डोळे पुसले. "माझे गेले तेव्हा मलासुद्धा पंधरा दिवस खाटेवर दिसायचे."

दुसऱ्या दुकानात मी आधीच ओरडून सांगितलं, मिशी नोकरीसाठी काढली, बाप खणखणीत आहे. तिथले तिघे एकमेकांकडे बघत राहिले आणि एकाने मला पाणी दिलं. धक्का बसलाय, असं कुणीतरी मागे कुजबुजलं. तिसऱ्या दुकानापासून मी काही बोललो नाही. सगळ्यांनी माल घेतला. ज्याला एक पुडा हवा त्याने दोन घेतले. दुःखात असलेल्या माणसाकडे घासाघीस कशी करायची? दुपारपर्यंत पेटी इतकी हलकी झाली, की वारा आला तर ती मलाच उचलून नेईल असं वाटायला लागलं. साहेबाच्या तक्त्यावरचा आपला खांब त्या दिवशी कल्याणातून निदान गुडघ्यापर्यंत आला असेल.

आंबिवलीला स्टेशनाबाहेर एक दुकानदार होता. फाळणीत सिंधमधून आलेला. आधी कल्याणच्या छावणीत होता, मग इथे पत्र्याचं दुकान टाकलं. साबण, तेल, कंगवे, आरसे. आमच्या लोकांपेक्षा त्याचं गिऱ्हाईक वेगळं. छावणीतले लोक अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले, पण केसांना सुगंधी तेल लागायचं आणि दाढीला साबण लागायचा. पोटाला कमी घेतील, पण चेहरा पडू द्यायचे नाहीत. मी साहेबाला ते सांगितलं होतं, तर तो म्हणाला, यांना कुठल्या देशाच्या खांबात घालू? मलाही सांगता आलं नव्हतं.

दुकानदाराने मला बघितलं आणि पेटी उघडू दिली नाही.

"बैठो," तो म्हणाला. "आज माल नको दाखवू. आधी चहा."

चहा आला. त्याने बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. स्वतः घेतला नाही. त्याला भरघोस मिशी होती, काळीभोर, टोकं वळवलेली. ती तो आरशाच्या कपाटात बघून रोज सारखी करायचा. मी कधी कौतुक केलं नव्हतं. पातं विकणाऱ्याने कसं करायचं?

"बीमार होते?" त्याने विचारलं.

मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "माझा बाप तिकडे राहिला. स्टेशनात हात सुटला. गाडी चालू झाली. आता आहे का नाही, कोण सांगणार? पत्ता घर का होता, घरात दुसरे लोक." त्याने मिशीवरून बोट फिरवलं. "म्हणून ही ठेवली. काढली तर मीच मारला असं होईल. ठेवली तर कदाचित आहे."

बाहेरून एक बाई आली आणि खोबरेल मागून घेऊन गेली. तो परत येऊन बसला.

"तुला कळलं तरी," तो म्हणाला. "तू हाताने पाणी दिलं. नशीबवाला आहेस."

मी बशी उचलली आणि चहा प्यायलो. म्हणालो, "हो." त्याने पात्यांचा अख्खा डबा घेतला, जो त्याला वर्षभर पुरला असता. मी तो मोजून दिला आणि गाडीला आलो.

डोंबिवलीला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. चाळीपुढे माणसं जमलेली लांबूनच दिसली. त्या दोघांनी न्हाव्याच्या पाळीतून काय ऐकलं, हमालाने काय सांगितलं आणि कल्याणचा शेठ कुणाजवळ रडला, या तिन्हींची बातमी माझ्याआधीच्या गाडीने येऊन पोचली होती. कुणीतरी बांबू आणून भिंतीला टेकवले होते. मडकं आलं होतं. लाकडं आणायला एक गाडी शीळफाट्यापर्यंत जाऊन आली होती म्हणतात. ते मी पाहिलं नाही, पण बैल मात्र थकलेले दिसत होते. बायको रेशनच्या रांगेत गेलेली, अजून परतली नव्हती. आणि सगळी माणसं दाराबाहेर थांबली होती, कारण आत खाटेवर बाबा मांडी घालून बसले होते आणि बसलेल्या माणसाला उचलायचं कसं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला बघून बाबा म्हणाले, "ये. तुझ्यावाचून अडलंय."

मी चपला काढल्या.

"हे सगळे विचारतायत, किती वाजता झालं. मला नक्की सांगता येईना." त्यांनी माझ्या ओठाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "कधी गेलो मी?"

"सकाळी," मी म्हणालो. "साडेसातच्या सुमाराला."

"बघा," बाबा बाहेरच्यांना म्हणाले. "साडेसात."

कुणी हसलं नाही. एकाने बांबू उचलले आणि आवाज न करता घेऊन गेला. लोक पांगले. शेजारच्या काकू तेवढ्या राहिल्या. ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. काकूंनी तो आणला होता, झाकून, दोन्ही हातांत धरून. आता परत कसा न्यायचा? असलं अन्न घरात परत नेत नाहीत. त्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या.

"आणा इकडे," बाबा म्हणाले. "माझ्याच नावाचं आहे ना?"

ते जेवले. मीही बसलो. थोडं खाल्ल्यावर बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे."

"घाईत केलं हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही खाल असं वाटलं नव्हतं."

बायको धान्याची पिशवी घेऊन आली तेव्हा आम्ही हात धुत होतो.

शनिवारी साहेबाने मला बघितलं. खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याला मीच शिकवलं होतं, मिशी कधी जाते ते. "मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं. मी थँक्यू म्हणालो. त्याने मला तिथल्या तिथे कायम केलं आणि वर चार दिवसांची दुखवट्याची रजा दिली. मग तक्त्याजवळ गेला, खाली बसला आणि आपल्या देशाच्या मुंगीवर पेन्सिलीने एक बारीक रेघ चढवली. एका ओठाची. पुढच्या महिन्यात तो बोटीने गेला.

खोली राहिली. बाबाही राहिले. फक्त त्यांना एक सवय लागली. चहा घेणार का विचारलं की म्हणायचे, "मेलेल्याला चहा कशाला?" आणि थोड्या वेळाने, "ठेव तिथे." नवीन धोतर आणलं, तर "मेलेल्याला नवं कशाला?" आणि नेसायचे. बायको म्हणायची, "मामंजी, मेलेले लोक इतकं बोलत नाहीत." ते म्हणायचे, "मला अनुभव नाही, अगं. शिकतोय." हे ते हसून बोलायचे का, ते मला त्यांच्या मिशीमुळे कधी कळलं नाही. माझ्याकडे बघताना मात्र त्यांची नजर नाकाच्या वर थांबायची. खाली यायची नाही.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागल्यावर त्यांची दाढी मी करायचो, कंपनीच्या साबणाने. फेस मिशीला लागू नये म्हणून ते ओठ मुडपून धरायचे. निळं पाणी त्यांना आवडलं नाही. म्हणाले, "हे लावल्यावर आपला गाल आपल्याला कळत नाही. त्याचे पैसे देतात लोक?"

"सगळ्या जगात देतात, बाबा."

"जगाला बरंच काही कळून घ्यायचं नसेल," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी थंडीत ते गेले. सकाळी चहा घेऊन गेलो तर काही म्हणाले नाहीत. कप तसाच ठेवला. बायकोने बराच वेळ वाट बघितली, "ठेव तिथे" म्हणतील म्हणून.

चाळीतल्या लोकांना बोलावलं तर आधी कुणी येईना. परत का, असं एकाने विचारलं. काकू आल्या, कपाळाला हात लावून बघितलं आणि घरी जाऊन पिठलं टाकलं. त्यात मीठ बरोबर होतं. कंपनीच्या कचेरीत रजा मागायला गेलो तर हेडक्लार्क म्हणाला, "वडिलांची रजा तुम्ही मागेच घेतलीत." मी म्हटलं, मग ताप आलाय असं समजा. त्याने तसं समजून घेतलं.

दहाव्याला खाडीच्या काठी तोच न्हावी होता. डोकं केलं, शेंडी ठेवली. मग माझी हनुवटी वर उचलली आणि थांबला. ओठ रोजच्यासारखा गुळगुळीत होता.

"इथे काय काढू?" त्याने विचारलं.

"फिरव नुसता."

"कोरडाच?"

"पाणी लाव."

त्याने बोटाने पाणी लावलं आणि वस्तरा फिरवला. काही आलं नाही. त्याने तो तरीही पाण्यात बुडवून धुतला, मागे झटकला आणि पुसला. माझ्यामागे चुलतभाऊ बसला होता, गावाहून आलेला. त्याला वाटलं माझी पाळी संपली.

त्यानंतर मी पट्ट्यावर निघालो. डोक्यावर टोपी होती, ती कुठे काढायचा प्रश्न आला नाही. तोंड जसं वर्षभर होतं तसंच. कल्याणच्या शेठने भाव विचारला आणि घासाघीस केली. हमालाने टोपी काढली नाही. सगळ्यांनी जे करायचं ते आधीच केलं होतं.

आंबिवलीच्या दुकानदाराने चहा सांगितला. त्याच्या मिशीत एका बाजूला पांढरं दिसायला लागलं होतं. वळण तसंच राखलेलं.

"बापाला साल झालं असेल ना तुझ्या?" तो म्हणाला.

"हो. झालं."

"टाइम जातो तसं कमी होतं, बोलतात. खरं आहे का?"

तो उत्तराची वाट बघत होता. त्याला कुणाकडून तरी कळून घ्यायचं होतं आणि माहीत असलेला माणूस मीच होतो. मी बशी तोंडाला लावली. चहा कढत होता, त्याच्यावर वाफ होती. पोळायला हवा होता.

"हो," मी म्हणालो. "कमी होतं."

त्याने मान हलवली. मग मी पेटी उघडली आणि पात्यांचा डबा बाहेर काढून फळीवर ठेवला.